मोठ्या आरशांची गाडी

“आता पुरे, रॉयस.” एवढंच म्हणायचं होतं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून लोर्ना टॅकेट हे वाक्य तोंडात घोळवत होती. ख्रिसमस गेला, फेब्रुवारीतला बर्फ वितळला आणि मार्चच्या दुसऱ्या शनिवारी ती नवऱ्याबरोबर डेल्बर्टच्या जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन उभी राहिली, तरी ते बाहेर पडलं नव्हतं. आज बोलली नाही तर संपलं. गाडी घरी आली की एप्रिल येणार. एप्रिल आला की पुन्हा दोन महिने पेट्रोल पंपावरचे गारढोण बरिटो, मोटेलच्या कुबट गाद्या आणि मांडीवर तो लॅपटॉप. तिला एकसष्टावं लागलं होतं आणि तिचे गुडघे तिच्याहून म्हातारे झाले होते.

सव्वीस वर्षं ती दोघं वादळांमागे फिरत होती. हौस म्हणून सुरू झालेला हा उद्योग पुढे गळ्यातच पडला. ढग कुठे फिरायला लागलाय, टोर्नाडोची सोंड जमिनीला टेकली का, कुठल्या गावाकडे निघालीय, हे हवामान खात्याला रेडिओवरून कळवायचं. ओक्लाहोमाच्या त्या टोकाला रेडिओवर “लोर्ना बोलतेय” असं ऐकू आलं की लोक मुलांना घेऊन तळघरात उतरत. बघायचं आणि बोलायचं लोर्नानं, चालवायचं रॉयसनं. मागच्या जूनमध्ये मुठीएवढ्या गारांनी त्यांची जुनी गाडी ठेचून काढली. लोर्नानं डावीकडचा फाटा घे म्हणून दोनदा सांगितलं होतं, पण रॉयस सरळ गेला आणि गारांच्या मधोमध घुसला. विमावाल्यांनी गाडी भंगारात काढली. लोर्ना चारचौघांत हळहळली आणि मनात म्हणाली, सुटले.

सुटली कसली! रॉयस आता एका काळ्या, उंच पिकअपभोवती घिरट्या घालत होता.

“ही गाडी नाही, रणगाडा आहे रणगाडा,” डेल्बर्ट म्हणाला. तो रॉयसचा शाळेपासूनचा दोस्त, आणि गाडी विकताना त्याला दोस्ती जरा जास्तच आठवायची. “हिच्यात बसलास तर टोर्नाडोच तुला बघून रस्ता बदलेल.”

“पुढच्या काचेवर लोखंडी जाळी बसवता येईल?”

“येईल की. बाजूच्या काचांवरही बसवू.”

“आणि स्क्रीन मोठा पाहिजे. हा असा ताटलीएवढा नको. चांगला परातीएवढा. नकाशा बोलून सांगणारा असला तर बरं. आणि हे आरसे,” रॉयसनं दारावरच्या लांबरुंद आरशावर हात फिरवला, “हे असेच राहू देत.”

असले आरसे मागे बोट किंवा गुरांचा ट्रेलर ओढणाऱ्यांना लागतात. टॅकेटांच्या घरात बोट नव्हती आणि गुरंही नव्हती.

“तुला काय ओढायचंय रे?” लोर्नानं विचारलं. “मलाच मागे बांधणारेस का?”

“आरसे राहू दे म्हटलं ना.”

“बरं बाबा, राहू दे. पण रिकामी पिकअप मागून हलकी असते. पाऊस पडला की तांबड्या चिखलात हिचं बूड तिसरीकडेच जातं. हे मी तुला सांगायचं?”

“वाळूच्या गोण्या टाकू मागे.”

“आणि जाळी लावलीस की काय होतं तेही सांगू? काच उघडी असली की माणूस गारांना भितो आणि लांब राहतो. जाळी लावली की त्याला वाटतं आत शिरावं. जाळीवाले सगळे आत शिरतात, रॉयस.”

रॉयसनं पुन्हा आरशावर हात फिरवला. एरवी अशा गोष्टीवर तो तासभर वाद घालायचा. गाडीचं तोंड कुठे असावं, टाकी अर्ध्याखाली कधी जाऊ द्यायची नाही, कुठले टायर चिखल सोडतात, यावर त्यानं आजवर अर्ध्या काउंटीशी भांडणं केली होती. आज गप्पच. लोर्नानं आवाराच्या कडेला उभी असलेली एक राखाडी, चारही चाकांवर जोर असलेली, बुटकी गाडी दाखवली. घ्यायचीच झाली तर ही घे, एका टाकीत चारशे मैल जाते, मागची काच बघ केवढी आहे. त्यानं त्या गाडीकडे मानही वळवली नाही.

“चालवून तर बघा,” डेल्बर्टनं पिकअपची किल्ली पुढे केली. “बाईसाहेब रुसल्यात, त्यांना फिरवून आण. परत येताना बेकरीतून पेकन पाय आणा माझ्यासाठी.”

ते गावाबाहेर उत्तरेला निघाले. तिथले रस्ते पाटीवर आखावेत तसे सरळ आहेत. दर मैलाला एक चौक, आणि चहूकडे गुडघ्याच्या खालपर्यंत वाढलेला हिरवा गहू. लोर्ना मनाशी म्हणत होती, पुढच्या चौकात बोलते. तो चौक गेला. बरं, त्याच्या पुढच्या.

पवनचक्क्यांसाठी नवा रस्ता झाला होता. तो यांच्या रस्त्याला छेदत होता तिथे थांबण्याची लालभडक पाटी, ताजी, गावच्या पोरांच्या बंदुकीच्या गोळीचं अजून एकही भोक न पडलेली. उजवीकडून गुरांचा ट्रक येत होता. लोर्नाला पाटी दिसली, ट्रक दिसला, आणि रॉयसचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हलत नाहीये हेही दिसलं.

“रॉयस! ब्रेक!”

पिकअप चौकाच्या मध्यावर जाऊन करकचून थांबली. ट्रक नाकासमोरून भोंगा वाजवत गेला. त्यातल्या गाईंचे डोळे लोर्नाला फळ्यांच्या फटींतून स्पष्ट दिसले, इतका जवळून. रॉयसनं गाडी पुढे नेऊन कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“पाटी होती का तिथं?” त्यानं विचारलं.

लोर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. जूनमधला तो न सापडलेला फाटा. परातीएवढा स्क्रीन. बोलणारा नकाशा. आणि दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीला अजून चार वर्षं असताना, पाठ दुखते म्हणून त्यानं सोडलेली शाळेच्या बसवरची ड्रायव्हरची नोकरी. दरवर्षी बसच्या ड्रायव्हरांचे डोळे तपासतात. हे सगळं इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि तिनं जोडून पाहिलं नव्हतं.

“किती दिसतं तुला?”

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. “कडेचं दिसतं. बरंच दिसतं. मधलंच नाही दिसत. जिथं बघावं तिथं डाग येतो. सरळ बघितलं की नाही, जरा तिरपं बघितलं की आहे.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“वाढत जाईल म्हणाले. हळूहळू. थांबवायला औषध नाही. आपल्या काउंटीतले रस्ते मला पाठ आहेत, लोर्ना, गावात काही अडत नाही. ही पाटी नवी होती.”

लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अडत नाही? गेल्या मे महिन्यात तू मला ताशी ऐंशी मैलांनी कॅन्ससपर्यंत नेलंस! माझ्या मांडीवर लॅपटॉप, मी स्क्रीनमध्ये डोकं घालून, आणि शेजारी तू अंदाजपंचे? मी मेले असते, रॉयस. तू तर मेलाच असतास, पण मी मेले असते ना रे तुझ्यापायी!”

“हो,” तो म्हणाला.

“हो काय?”

“हो, मेली असतीस.”

तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. गव्हावरून वारा जात होता. तिनं बाहीनं डोळे पुसले. मग तिनं विचारलं, “एवढं माहीत असून अजून एक मोसम कशाला रे? लोखंडी पिंजरा करून घेऊन? माझी दमछाक तुला दिसत नव्हती? का तीही त्या मधल्या डागात आली?”

रॉयसनं उजव्या दारावरच्या मोठ्या आरशाकडे बोट केलं. नेम जरा चुकला, पण ती समजली.

“मी अजून एकही वादळ धड बघितलेलं नाही,” तो म्हणाला.

पहिल्याच वर्षी, चेरोकी गावाच्या पश्चिमेला, पहिली सोंड खाली येताना दिसली तेव्हा रॉयस चालवता चालवता तिच्याकडे बघत राहिला आणि गाडी तांबड्या चिखलाच्या खड्ड्यात गेली. सोंड त्यांच्यापासून पाव मैलावरून गेली. मोटेलवर परतल्यावर चिखलानं भरलेली लोर्ना त्याला म्हणाली होती, यापुढे चालवणाऱ्यानं वादळाकडे बघायचं नाही. नजर रस्त्यावर. थांबलो तरी गाडीचं तोंड पळायच्या रस्त्याकडे, इंजिन चालू, आणि चालवणारा जागचा हलणार नाही. उतरायचं ते लोर्नानं. निघायची वेळ झाली की त्यानं एकदा हॉर्न वाजवायचा. या नियमानं त्यांना सव्वीस वर्षं जिवंत ठेवलं होतं. या नियमानं प्रत्येक वादळ रॉयसच्या पाठीमागेही ठेवलं होतं.

“एकशे बारा झाली,” तो म्हणाला. “तू मोजतेस, मला माहितीय. तुझे फोटो वाचनालयात लागलेत. मी सगळी त्या वीतभर आरशात बघितली. म्हटलं, आरसे मोठे घेऊ. एक मोसम. तेवढ्यात जेवढं दिसेल तेवढं.”

लोर्नानं त्या आरशाकडे बघितलं. नियम तिचा होता. त्याच्या पाठीमागे उभी राहून ती एकशे बारा वेळा “बाप रे, काय सुंदर!” असं ओरडली होती, आणि तो पुढे बघत इंजिनाचा आवाज ऐकत बसला होता. एकदाही तिनं म्हटलं नव्हतं, ये, मी बसते चाकावर, तू बघ. तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि तो असा, की मागायचाही नाही.

“उतर,” ती म्हणाली.

“कुठं?”

“इकडच्या बाजूला ये. मी चालवते.”

परतताना उंच सीटवरून तिचे पाय धड पोचत नव्हते. शिव्या घालत, सीटच्या अगदी टोकाशी बसून तिनं ती पिकअप डेल्बर्टच्या दारात आणून लावली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“ती राखाडी दे,” ती म्हणाली. “चिखलाचे टायर पाहिजेत, चारही नवे. जादाचा टायर पूर्ण मापाचा, ते बिस्किटाएवढं चाक नको. रेडिओचा माइक उजवीकडच्या, रॉयसच्या सीटजवळ. कागदी नकाशे ठेवायला दाराला कप्पा. माझी सीट उचलून घे, दोन इंच. आणि जाळी नको.”

“आणि आरसे?” डेल्बर्टनं विचारलं.

“आहेत तेच बास.”

डेल्बर्ट पेकन पाय कुठंय विचारत कागद आणायला आत गेला. रॉयस हळूच म्हणाला, “तू थँक्सगिव्हिंगपासून काहीतरी बोलायचं म्हणतेयस.”

“पुढच्या वर्षी बोलेन.”

एप्रिल कोरडा गेला. मेमध्ये चार वेळा शेकडो मैल हिंडून हात हलवत परत आले. लोर्नाचे खांदे भरून यायचे, मान अवघडायची. दिवसभर रस्त्याकडे बघून माणूस इतका पिळून निघतो हे तिला आत्ता कळत होतं. लॅपटॉपवरचं रडार बघायला दर वीस मैलांना थांबावं लागे. आणि पूर्वी दोन मैलांवर जात, तिथे ती आता पाच मैलांच्या आत जायला तयार नव्हती. रॉयस एका शब्दानं कुरकुरला नाही.

मेच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, आल्व्हा गावाच्या ईशान्येला तिनं गाडी खडीच्या रस्त्यावर वळवून उभी केली. तोंड दक्षिणेला, इंजिन चालू. रॉयस माइकची लांब वायर ओढत उतरला, मागे गेला आणि मागचं दार वर उचलून उभा राहिला. गव्हाचा वास आणि पावसाचा गार वारा आत आला.

“रॉयस बोलतोय,” तो रेडिओवर म्हणाला.

“लोर्ना कुठंय?” पलीकडच्या माणसानं काळजीनं विचारलं.

“ती गाडी चालवतेय.”

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. ढगाचा तळ फिरतोय. खाली यायला लागला. सोंड आली. टेकली. वायव्येला, पाच मैल, उघड्या शेतात, ईशान्येला सरकतेय, वाटेत गाव नाही. आवाज बसच्या ड्रायव्हरचा, सपाट, नीट. निरोप संपला तसा त्यानं माइक खाली ठेवला.

लोर्नानं आरशात बघितलं. वीतभर आरसा. त्यात अर्धा गहू, दाराची कड, आणि नवऱ्याची पाठ. त्याच्या पलीकडे करडं काहीतरी लांबत होतं, पण ते नेमकं त्याच्या खांद्याआड. रॉयसनं मान वळवून घेतली होती, रिकाम्या शेताकडे, जणू त्याला वादळाशी काही घेणंच नव्हतं. क्षणभर ती चिडली, अरे तिकडे काय बघतोस? मग तिला आठवलं. तिरपं बघितलं की दिसतं.

“बाप रे,” तिला ऐकू आलं. “बाप रे, लोर्ना!”

ती जागची हलली नाही. नजर पुन्हा रस्त्यावर. पावसाची सर आली, आणि वारा फिरल्याचं तिला गव्हावरून कळलं. निघायची वेळ झाली होती.

“चल रॉयस!”

“एक मिनिट,” तो ओरडला. “फक्त एक मिनिट!”

सव्वीस वर्षं हे तिचं वाक्य होतं. आणि सव्वीस वर्षांत त्यानं हॉर्न कधी लगेच वाजवला नव्हता, हेही तिला आत्ताच उमगलं. तिनं डाव्या हातानं स्टिअरिंग धरलं, उजवा हॉर्नवर ठेवला आणि डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत साठपर्यंत मोजलं. मग हॉर्न वाजवला.

तो दार आपटून आत येऊन बसला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, तोंडावर खडीच्या धुळीचे ओघळ. लोर्नानं गाडी दक्षिणेला सोडली. दोन मैल गेल्यावर त्यानं विचारलं, “तुला दिसलं?”

“आरशात,” ती म्हणाली. “तू सांग.”