टोपलीच्या पुढचे कोर्ट

मी एक जुनी तारेची टोपली आहे. मित्रांनो, टोपली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर फळे, फुले, फार तर धुवायचे कपडे आले असतील. माझ्या पोटात यातले काही कधी पडले नाही. मी जन्मभर टेनिसचे चेंडू सांभाळले. आता माझ्या तळाच्या सळ्या ढिल्या झाल्या आहेत, रंगही उडाला आहे, आणि एका कॉलेजच्या मैदानालगतच्या सामानाच्या खोलीत मी कोपरा धरून बसले आहे. शेजारी एक फाटके नेट आहे, पण ते दिवसभर घडी घालून झोपलेले असते. म्हणून म्हटले, तुमच्याशीच दोन शब्द बोलावेत.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे मुख्यतः पोपटांचे पिंजरे बनत. तार वाकवणारा कारागीर मोठा गमत्या होता. हातात तार घेतली की तिलाच विचारायचा, "बोल बाई, तुला पिंजरा करू की टोपली?" माझ्या वेळी त्याच्या मनात टोपली आली, आणि मी थोडक्यात वाचले. नाहीतर जन्मभर एखाद्या पोपटाची बडबड ऐकत कुणाच्या तरी व्हरांड्यात लटकले असते.

माझी घडण मात्र त्याने मन लावून केली. माझ्या तळाला सळ्या आहेत, आणि दोन सळ्यांमधली फट चेंडूपेक्षा किंचित अरुंद आहे. मला चेंडूवर ठेवून वरून दाबले की चेंडू टुपकन आत येतो आणि परत खाली पडत नाही. माझे दोन्ही दांडे वर उचलले की मूठ होते, खाली वळवले की पाय होतात. कारागिराने मला उभी करून पाहिले, हलवून पाहिले आणि म्हणाला, "हं, उभी तर राहतेय. आता कामाला लाग."

त्यानंतर मी मॅडमच्या हाती आले, ती कायमचीच.

मॅडम म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या टेनिस संघाच्या प्रशिक्षक. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर ओढलेली टोपी, एक गुडघा दुखरा. आवाज असा की दोन कोर्ट पलीकडच्यालाही ऐकू जावा. पण मित्रांनो, हा आवाज त्या फक्त "पाय हलवा!" एवढ्यासाठीच वापरत. कुणाची चूक सांगायची असेल तर त्या कधीही नेटपलीकडून ओरडत नसत. त्यांची एक पद्धत होती. सराव संपला की सगळ्या कोर्टभर चेंडूच चेंडू पसरलेले असायचे. मग मॅडम मला उचलायच्या, ज्या मुलीशी बोलायचे असेल तिला हाक मारायच्या, आणि दोघी मिळून चेंडू वेचायला लागायच्या. मी एकदा हिच्या हातात, एकदा तिच्या हातात. दोघींची नजर जमिनीवर. समोरासमोर उभे राहून जे ऐकताना मान खाली गेली असती, ते वाकल्या वाकल्या ऐकताना कुणाला लागत नसे.

त्यामुळे संघातल्या प्रत्येक मुलीचे गुपित मला ठाऊक असे. रॅकेटींची ऐट मोठी, त्यांना कव्हर काय, नवी तार काय! पण कुणाच्या घरी काय चालले आहे, कुणाचा आत्मविश्वास कशाने ढासळला आहे, हे एकीलाही विचारा, सांगता येणार नाही. मॅडम प्रत्येकीला वेगळ्या तऱ्हेने शिकवत. एक उंच मुलगी प्रत्येक चेंडू फोडून काढायची, तिला त्या मुद्दाम गोगलगाईच्या चालीचे चेंडू टाकत आणि तिचा संताप शांतपणे पाहत. एक मुलगी हरली की रडायची. तिला त्या गप्प कर म्हणत नसत. "रड, पण रडताना पाणी पी," एवढेच म्हणत. ती रडता रडता हसायला लागे.

आणि मग संघात ढाल आली.

ढाल हे तिचे नाव नव्हे, संघातल्या मुलींनी पाडलेले टोपणनाव. तिच्याकडे काहीही मारा, चेंडू परत यायचाच. घरी तिच्या थोरल्या भावाने दुकानामागच्या मोकळ्या जागेत तिला खेळायला शिकवले होते. जागा इतकी चिंचोळी की पुढे जायला वावच नव्हता. मागच्या रेषेवर उभे राहायचे, आलेला चेंडू परतवायचा, आणि समोरची कंटाळून चुकली की गुण घ्यायचा. तेवढ्या जोरावर ती शाळेच्या सगळ्या स्पर्धा जिंकली आणि कॉलेजच्या संघात आली. संघात जागा होती म्हणून वसतिगृहात खोली होती. येताना दादाने बजावले होते, "वर्षभर बघ. नाही जमलं तर परत ये, दुकानात मला माणूस हवाच आहे."

पण कॉलेजच्या मुली कंटाळत नव्हत्या की चुकत नव्हत्या. त्या ढालीला मागे डांबून ठेवत आणि सावकाश, पद्धतशीर हरवत. ती सामन्यामागून सामना हरू लागली. क्रीडाप्रमुख सर मैदानावर कधी फिरकत नसत, पण निकाल मात्र रोज वाचत. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितले, "हिची जागा दुसरीला द्या."

"वर्ष संपेपर्यंत थांबा," मॅडम म्हणाल्या.

"वर्षाच्या शेवटच्या सामन्याला मी स्वतः येईन. मग बघू," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी मॅडमनी ढालीला चेंडू वेचायला हाक मारली.

"तू खेळतेस तेव्हा कशाची वाट बघतेस गं?"

"समोरची चुकण्याची," ढाल खरे तेच बोलली.

"आणि ती चुकलीच नाही तर?"

ढालीने माझ्या मुठीवर जरा जास्तच जोर दिला आणि दोन चेंडू एकदम आत घेतले.

"पुढं यायला शिकू या," मॅडम म्हणाल्या. "नेटजवळ येऊन, चेंडू टप्पा पडायच्या आधीच मारून गुण संपवायचा."

"मॅडम, पुढं आलं की मला उघड्यावर आल्यासारखं वाटतं. पाठीमागं सगळी जागा मोकळी राहते ना!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला रिकामी केली, माझे पाय खाली वळवले, पोटात एक वीट ठेवली आणि मला ढालीच्या बाजूच्या कोर्टावर, मागच्या रेषेपासून थोडी पुढे नेऊन उभी केली. चेंडूंसाठी एक प्लास्टिकची बादली आणली. बादली! मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! पण माझे काम काय ते कळले आणि राग निवळला. "फटका मारायचा, पुढं पळायचं आणि टोपलीच्या काठाला हात लावायचा," मॅडम म्हणाल्या. "मोकळ्या जागेची भीती वाटते ना, मग ही बघ, सोबतीला कुणीतरी आहे."

ढाल यायची, माझ्या काठाला हात लावायची आणि मागे पळायची. दर आठवड्याला मॅडम मला थोडी पुढे सरकवत. सुरुवातीला तिचा हात गार असायचा. हळूहळू तो गरम होऊ लागला. पुढे पुढे तर ती येता येताच माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायला लागले, या पोरीला घडवते आहे ती मीच! मॅडम नुसते चेंडू टाकतात, खरा आधार माझा. गर्व म्हणा हवे तर. इतक्या वर्षांत मला प्रथमच कुणीतरी बघून धावत येत होते.

मग एक सामना आला. आमच्याच कोर्टावर होता. मला कुंपणाजवळ ठेवले होते, तिथून सगळे दिसत होते. ढालीने सुरेख फटका मारला. समोरच्या मुलीने चेंडू कसाबसा उचलला. आणि ढाल पुढे आली! माझा जीव सुपाएवढा झाला. ती धावत धावत नेटच्या अलीकडे, नेमक्या मी सरावाला उभी असते त्या जागी आली, किंचित वाकली, आणि तिने बाजूला हात लांब केला. तिथे काही नव्हते. हात हवेत तसाच राहिला. चेंडू तिच्या कानाजवळून आरामात निघून गेला.

बघणारी मंडळी आधी गोंधळली आणि मग हसत सुटली. कुणी तरी ओरडले, "अगं, कुणाला टाळी देतेस?" ढाल कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर ती मागच्या रेषेवरून हललीच नाही, आणि हरली.

दुसऱ्या दिवशी चेंडू वेचताना ती म्हणाली, "मॅडम, मी जाते घरी. उगाच कशाला शेवटच्या सामन्यापर्यंत थांबायचं? सगळ्यांना माझी चेष्टा करायला एक विषय झाला."

मॅडम वेचायच्या थांबल्या. एरवी त्या कधी थांबत नसत. दुखरा गुडघा चोळत त्या तिथेच कोर्टावर बसल्या आणि त्यांनी ढालीलाही बसवले.

"चूक तुझी नाही, माझी आहे. मी तुला टोपलीपर्यंत यायला शिकवलं. पुढं यायला नाही शिकवलं. तू अगदी मी सांगितलं तसंच केलंस." मग त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला वाटायचं, सांगितलेलं नीट करून घेतलं की शिकवून झालं. तुझ्यामुळं कळलं, तसं नसतं."

ढालीच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. "मग आता काय करायचं?"

"आता टोपली काढायची."

आणि मित्रांनो, त्यांनी मला उचलले, विटेसकट, आणि कुंपणाच्या बाहेर नेऊन ठेवले. आत बादली राहिली. मला केवढे वाईट वाटले, काय सांगू! जिला आधार दिला तिच्यासाठीच मी अडचण झाले? त्या गडबडीत मला आत न्यायचेही राहून गेले. रात्री दव पडले, पुढे पाऊसही लागला, आणि माझ्या दांड्यांवर तांबडे डाग उमटू लागले. कुणाचे लक्ष नव्हते. मी जाळीतून आत बघत रुसून बसले होते.

पण बघता बघता माझा रुसवा उतरत गेला. पहिल्या दिवशी ढाल पुढे आली आणि मधेच घुटमळली. "मॅडम, कुठपर्यंत येऊ?"

"तुला काय दिसलं?"

"समोरची तोल जाऊन मारत होती."

"मग?"

"मग... अजून दोन पावलं पुढं यायला हवं होतं."

"मला कशाला विचारतेस मग?"

असे रोज चालले. मॅडम सांगेनाशा झाल्या, नुसत्या विचारत. ढाल आधी वैतागायची. "तुम्हीच सांगा ना!" म्हणून पाय आपटायची. मॅडम चेंडूला टप्पे देत उभ्या राहायच्या. उत्तर तोंडावर असूनही ते गिळायला त्यांना किती जड जात होते, ते मला कुंपणाबाहेरूनही दिसत होते. हळूहळू ढाल उत्तरे देऊ लागली, आणि मग एक दिवस विचारायचीच थांबली.

शेवटच्या सामन्याला क्रीडाप्रमुख सर खरोखरच आले, आणि खुर्ची कुंपणाला टेकवून माझ्या शेजारीच बसले. समोरची मुलगी त्या वर्षीची सगळ्यात तगडी होती. ढालीने पहिला डाव गमावला, दुसरा खेचून आणला. तिसऱ्यात दोघी शेवटपर्यंत बरोबरीने गेल्या. ढाल पुढे येत होती. कधी गुण घेत होती, कधी डोक्यावरून चेंडू जाऊन फसत होती, आणि तरी पुढच्या वेळी पुन्हा येत होती. बाजू बदलताना ती बाकावर मॅडमशेजारी बसली. मॅडमनी पाण्याची बाटली दिली. ढाल पाणी प्यायली आणि काही न विचारता कोर्टावर परतली.

शेवटच्या गुणाला ढाल पुन्हा पुढे आली, अगदी नेटला भिडली. चेंडू तिच्या रॅकेटवर आला, तिने तो हलकेच कोपऱ्याकडे वळवला. पण तो रेषेच्या बाहेर पडला, अगदी केसभर बाहेर. सामना संपला. ढाल हरली.

समोरची मुलगीच आधी नेटजवळ आली आणि तिने ढालीला मिठी मारली. मॅडम कुंपणापाशी आल्या. जाळीच्या अलीकडे सर, पलीकडे त्या. सर काय बोलणार, म्हणून मी सळ्या आवळून उभी होते.

सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी हिला कितव्या नंबरावर खेळवणार?"

मॅडमनी टोपी कपाळावर आणखी खाली ओढली आणि नुसती मान हलवली.

जरा वेळाने ढाल कुंपणाबाहेर आली आणि फोन कानाला लावून माझ्याजवळ उभी राहिली. पलीकडे दादा असणार.

"हरले, दादा," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी समजुतीचे बोलणे झाले असावे. ती ऐकत राहिली, आणि मग नाक पुसून म्हणाली, "नाही रे, रडत नाहीये. ऐक ना... दुकानासाठी तू दुसरा माणूस बघ. मला अजून खूप शिकायचंय."

आत कोर्टावर मॅडम एकट्याच पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले. त्या वळल्या नाहीत, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

मित्रांनो, तुम्हालाही कुणीतरी चालायला, लिहायला, पोहायला शिकवत असेल. एक दिवस तो धरलेला हात सुटेल. त्या दिवशी रागावू नका. हात सोडणाऱ्याचे तेव्हा काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. तुम्हाला जमू लागले, की "जमले" एवढे त्याला नक्की सांगा. आणि खेळून घरी निघताना एखादी टोपली उघड्यावर राहिलेली दिसली, तर तिला तेवढी आत ठेवून जा.