स्टेपचे मार्क गेले तेव्हा

परीक्षा केंद्राच्या फाटकावर हल्ली एक सूचना लावलेली असते : 'मोबाइल, घड्याळ, पॅड आत नेऊ नये.' त्यातलं शेवटचं नाव माझं. लिहिताना कागदाखाली धरायचं साधं पॅड आहे मी. मोबाइल-घड्याळाच्या पंगतीत मला बसवलंय, याचा राग नाही. उलट बढती मिळाल्यासारखं वाटतं. पण एके काळी माझ्यावाचून एकही विद्यार्थी त्या फाटकातून आत जात नव्हता. मधे काय झालं ते मी जवळून पाहिलंय.

माझा जन्म लाकडाच्या भुशाचा. भुसा भिजवला, तापवला, यंत्रात दाबला आणि माझ्या आकाराचे तुकडे पाडले. मग कारखान्यातल्या एका बाईनं माझ्या कपाळावर लोखंडी चाप ठोकला. चाप दाबून पाहत ती शेजारणीला म्हणाली, "हा कुणाचं तरी बोट धरणार बघ!" बाई अनुभवी होती.

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एकानं मला आपल्या थोरल्या मुलीसाठी विकत घेतलं. थोरली म्हणजे तोंडाची पक्की आणि अक्षराची कच्ची. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला मी तिच्याबरोबर आत होतो. तेव्हा पेपर हातानं लिहायचा असे, प्रत्येक गणित पायरी-पायरीनं मांडून. एका मोठ्या गणितात शेवटच्या बेरजेला ती हातचा विसरली. उत्तर साफ चुकलं! पण वरच्या सगळ्या स्टेप बरोबर होत्या, म्हणून दहापैकी आठ मार्क मिळाले आणि त्या आठांच्या जोरावर ती इंजिनिअरिंगला लागली.

तेव्हापासून तिचं एकच पालुपद : "उत्तर चुकलं तरी चालेल, वाट चुकता कामा नये."

थोरली हॉस्टेलवर गेली आणि मी धाकटीकडे आलो. ही चार वर्षांनी लहान. बोलणं कमी, पण अक्षर असं की वाचणाऱ्याला मोह व्हावा. थोरली दर रविवारी फोनवरून विचारायची, "स्टेप लिहितेस ना?" आणि धाकटी लिहायची. अकरावी-बारावीच्या क्लासची दोन वर्षं तिच्या मनगटाचा भार मी सोसला. एकेका गणिताला पानभर स्टेप.

परीक्षेला साडेचार महिने उरले होते. क्लासचे सर वर्गात आले ते फोनवरच डोळे लावून. उभ्यानंच त्यांनी वाचून दाखवलं : यंदापासून परीक्षा कॉम्प्युटरवर. प्रश्नाखाली चार पर्याय असतील, त्यातला एक निवडायचा. चुकला तर एक मार्क कापला जाईल.

"सर, मग स्टेपचे मार्क?" धाकटीनं विचारलं. वर्गात ती सहसा विचारत नसे.

"स्टेप कुणी बघणार नाही. मशीन फक्त उत्तर बघतं."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग दोन वर्षं आम्ही काय गवत उपटत होतो?"

सर हसले नाहीत. त्यांचं वय झालं होतं, आणि हे त्यांनाही नवीनच होतं.

पहिल्या सराव परीक्षेत पंचाहत्तर प्रश्न होते. धाकटी एकतिसाव्यापर्यंत पोचली आणि वेळ संपली. त्या एकतिसातले अठ्ठावीस बरोबर होते, पण उरलेल्यांना तिचा हातही लागला नव्हता. दुसऱ्या खेपेला तिनं धडाधड सत्तर उडवले. अडतीस चुकले आणि मार्क पहिल्यापेक्षाही कमी आले. आधी हळू म्हणून बुडाली, मग घाईनं बुडाली.

थोरली सुट्टीला घरी आली होती. धाकटीच्या शेजारी खुर्ची ओढून तिनं कच्चा कागद तपासायला घेतला.

"इथं तू एकदम उडी मारलीस. मधली स्टेप कुठंय?"

"मनात."

"मनातली स्टेप हमखास चुकते. लिही."

"ताई, मला लिहायला वेळच नाहीये!"

"वेळ काढायचा असतो. मी कसा काढला?"

"तुला तीन तासांत आठ गणितं होती!" धाकटीचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. "तुझी परीक्षा संपली, ताई. मला तुझी परीक्षा पुन्हा द्यायची नाहीये."

थोरलीनं रागानं कागद ओढला आणि माझ्या चापात तिचंच बोट सापडलं. देवाशपथ, मी मुद्दाम केलं नाही. त्या दिवशी जेवताना आई दोघींच्या मधे बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी धाकटीला दुकानात नेलं. घरात कॉम्प्युटर नव्हता. दुकानात एक होता, त्यावर गिऱ्हाइकांचे नंबर भरून काचांच्या ऑर्डरी जायच्या.

"दहा ते एक हा तुझा," ते म्हणाले.

"आणि ऑर्डरी?"

"मला अजून लिहिता येतं." असं म्हणून त्यांनी तिच्या हातातून मला घेतलं.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला लागलो. उजवा डोळा, डावा डोळा, दूरचा नंबर, जवळचा नंबर. दुपारी वडील तेच सगळं कॉम्प्युटरवर चढवायचे, म्हणजे काम दुप्पट. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, "काय हो, कॉम्प्युटर असून कागद?"

वडील म्हणाले, "कॉम्प्युटर अभ्यासाला बसलाय."

दोन दिवस फुगून बसलेली थोरली तिसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून तासभर धाकटीकडे नुसती बघत राहिली. तोंड बंद ठेवणं हा तिच्यासाठी केवढा व्यायाम होता, मला विचारा.

धाकटी प्रश्न वाचायची आणि गणित सोडवायच्या आधीच दोन पर्याय खोडून टाकायची.

शेवटी थोरलीला राहवलं नाही. "ही लबाडी झाली!"

"लबाडी कसली? गाडीचा वेग विचारलाय आणि हा पर्याय म्हणतो, गाडी विमानापेक्षा जोरात पळते. तो खोटारडा आहे हे दिसतंच आहे. चौघांतले दोन खोटारडे आधी हाकलले की उरलेल्या दोघांचीच उलटतपासणी. तूच बसून बघ ना."

थोरली बसली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती ती. वेळ संपली तेव्हा पंचाहत्तरांतले तिचे एकोणीस बरोबर आले होते. ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग इतकी मोठ्यानं हसली की डोळे तपासून घेणाऱ्या बाईंनी अक्षरं वाचायची थांबवली.

"बाबा, मी नापास!"

त्या दिवसापासून तिनं शिकवणं सोडलं आणि वेळ लावायचं काम घेतलं. सोपं आधी, लांबलचक मागून, आणि खात्री नसेल ते सोडून द्यायचं. हे सोडून देणं धाकटीला सगळ्यांत जड गेलं. समोरचं गणित अर्धवट टाकायची तिला सवयच नव्हती. थोरली नुसतं टेबलावर बोट वाजवायची, की धाकटी दात-ओठ खात पुढच्या प्रश्नावर जायची.

परीक्षेच्या दिवशी सवयीनं मलाही बरोबर घेतलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला बाहेर काढलं आणि मी थोरलीच्या काखेत राहिलो. तासाभरानं बातमी आली : आतले कॉम्प्युटर बंद पडलेत. पालकांचा आरडाओरडा सुरू झाला. वडील चष्मा काढून पुसत राहिले, तो स्वच्छच होता तरी. चाळीस मिनिटांनी मशीनं सुरू झाली आणि तेवढा वेळ वाढवून मिळाला.

धाकटी बाहेर आली. थोरलीनं विचारलं, "काय गं?"

"बासष्ट सोडवले. तेरा सोडले."

"तेरा सोडले?"

"हात शिवशिवत होते, पण सोडले." मग म्हणाली, "पडदा काळा झाला ना, तेव्हा शेजारची रडायला लागली. माझं गणित कच्च्या कागदावर तिसऱ्या स्टेपपर्यंत आलं होतं. मी तिथून पुढं केलं. मशीन चालू झालं, तेव्हा माझं उत्तर तयार होतं."

थोरलीनं मला दुसऱ्या काखेत घेतलं आणि धाकटीच्या पाठीवर एक धपाटा घातला.

दुसऱ्या यादीत धाकटीचं नाव लागलं. कॉलेज बसनं तासभर लांब, पण विषय तिला हवा होता तोच. यादी वाचून आईनं दोघींना जवळ घेतलं, आणि वडिलांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा डावा नंबर उजव्यात लिहिला.

आता माझे कोपरे झिजलेत, कडेला भुसा सुटतोय. परीक्षा यंदा पुन्हा बदलली. वर्षातून दोनदा होणार आणि थोडा भाग हातानंही लिहायचा, म्हणे. बदलणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : बदला खुशाल, पण वेळेवर सांगा. आणि कॉम्प्युटर बंद पडणार नाहीत एवढं बघा. पोरांची काळजी मी करत नाही. ती नवं शिकतात; वेळ लागतो तो आपल्याला.

आज शेजारच्या शिंप्याची मुलगी दुकानात आली होती. थोरलीही होती, आता ती पूल बांधते. मुलगी म्हणाली, "ताई, तयारी कशी करू?"

थोरलीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि स्टूल पुढं ओढलं. माझ्यावर कोरा कागद लावून तिनं विचारलं, "आधी तू सांग. तुमची परीक्षा कशी आहे? मला त्यातलं काही ठाऊक नाही."

मुलगी आधी बिचकली, मग सांगायला लागली. थोरली लिहून घेतेय. एक कागद भरत आलाय, ती दुसरा लावायला चाप उघडतेय. निघतो मी, मला काम आहे.