कांताबाईंच्या उजव्या कानामागून

मी कांताबाईंच्या उजव्या कानामागून बोलतोय. काजूएवढा, राखाडी रंगाचा. लोक मला कानाचं मशीन म्हणतात. डाव्या कानामागे माझा जुळा भाऊ बसतो. आम्हांला डोळे नाहीत, म्हणून हे सगळं ऐकलेलं सांगतोय.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तो आठवत नाही. आठवतं ते परळच्या एका दवाखान्यातलं कपाट आणि बाहेरून आलेला करडा आवाज, "मी बहिरी नाही! ही माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात."

त्या कांताबाई. वय बाहत्तर, बिऱ्हाड डिलाईल रोडच्या चाळीत. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बावीस वर्षं सूत गुंडाळलेल्या. त्यांना दवाखान्यात आणलं होतं त्यांच्या सुनेनं, संघमित्रानं.

"आई, टीव्हीचं जाऊ दे," ती म्हणाली. "पण प्रिती तुम्हांला शाळेतलं सांगायची बंद झाली. दोनदा सांगते, तिसऱ्यांदा म्हणते, जाऊ दे आजी."

खुर्ची सरकली, कांताबाई तपासणीला उठल्या. नातीचं नाव तेवढं त्यांना नीट ऐकू आलं असावं.

घरगुती उपाय सगळे झाले होते. लसणीचं कोमट तेल झालं, कुणी आणून दिलेलं, आवाज वाढवायचं म्हणून कानात नुसत्या शिट्ट्या मारणारं एक स्वस्तातलं खेळणंही झालं. "तेल अजिबात नको," डॉक्टरांनी बजावलं आणि आधी कानातला मळ काढला. मग मानसी मॅडमनी त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं. मॅडम कानाची तपासणी करणाऱ्या, ऑडिओलॉजिस्ट. "आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असू दे."

बटण वाजायचं, मग बराच वेळ वाजायचंच नाही.

तपासणी झाल्यावर मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या. "आजी, तुम्हांला आवाज येतो, पण शब्द पुरता येत नाही. 'स', 'श', 'फ' गळून जातात. वय आहेच, पण गिरणीतल्या आवाजानंही कानाच्या आतल्या बारीक पेशी गेल्यात. त्या परत येणार नाहीत. उरलंय ते मात्र कामाला लावू."

"म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते?"

"नाही हो."

"हेच घरी सांगा सगळ्यांना," कांताबाई म्हणाल्या.

मग मॅडमनी मला कपाटातून काढलं, कॉम्प्युटरला जोडलं आणि कांताबाईंच्या कानांना हवं तेवढंच, हवं तिथेच वाढवायला शिकवलं.

पहिले दिवस वाईट गेले. भांड्यांचा खणखणाट, रस्त्यावरचे हॉर्न, स्वतःचंच चावणं, सगळं एकदम अंगावर आलं. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हांला डबीत घालून खणात टाकलं. संघमित्रानं टोमणा मारला नाही. ती त्यांना पुन्हा मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी काही आवाज खाली आणले आणि सांगितलं, "आधी घरातच, दोन दोन तास. कानाला नव्हे, डोक्याला सवय व्हायला वेळ लागतो."

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. कांताबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दार उघडं होतं. शेजारच्या कमळाबाई आपल्या माहेरपणाला आलेल्या लेकीशी बोलत होत्या. चाळीस वर्षांचा शेजार. पण दोन वर्षांपूर्वी आपलं मनगट मोडल्यापासून कमळाबाईंनी कांताबाईंशी अबोला धरला होता. कांताबाई बघायला गेल्या, तर तोंड फिरवून झोपून राहिल्या. का, ते कधी कळलं नव्हतं.

"मोरीत पडले, तेव्हा कांते, कांते करून ओरडले," कमळाबाई सांगत होत्या. "ही समोर गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली. मान वळवली नाही गं! शेवटी वरच्या मजल्यावरची माणसं धावली."

कपड्यांची सळसळ थांबली. चपला वाजल्या. आम्ही शेजारच्या दारात होतो.

"कमळे, तू मला हाक मारली होतीस?"

"तीनदा."

"मला ऐकूच आली नाही गं."

"चार हातांवर होतीस!"

कांताबाईंनी आम्हां दोघांना कानांवरून काढलं आणि कमळाबाईंच्या तळहातावर ठेवलं. "आता बोल काहीतरी."

"बस. चहा टाकते," कमळाबाई म्हणाल्या.

"काय?"

"चहा टाकते म्हटलं!"

"काय गं?"

कमळाबाईंची मूठ आमच्यावर मिटली आणि झाकल्यावर आमची शिट्टी वाजते तसे आम्ही कुईं करून ओरडलो. त्या रडत होत्या. "दोन वर्षं गं कांते, दोन वर्षं मी तुला शिव्या घातल्या," त्या पुटपुटल्या. कांताबाईंना ते ऐकू आलं नाही. मी ऐकलं. मग कांताबाईंनी आम्हांला परत कानांवर चढवलं आणि विचारलं, "चहाचं काही म्हणालीस का?"

या गोष्टीला तीन वर्षं झाली. कांताबाई रोज मला कोरड्या फडक्यानं पुसतात आणि दमट हवेचा त्रास नको म्हणून ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत निजवतात. दर सहा महिन्यांनी मॅडमकडे नेतात. माझं कवच आता झिजलंय. पुढेमागे माझ्या जागी दुसरा येईल. त्याचं वाईट वाटत नाही. घाई न करणाऱ्या मॅडम, टोमणा न मारणारी सून आणि मला खणातून परत काढणाऱ्या कांताबाई, या तिघींनी मला कामाचं केलं. खणात पडून राहिलेले माझे भाऊबंद कितीतरी असतील.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी सारखं "काय?" विचारत असेल, तर चिडू नका, कानात तेलही घालू नका. समोर बसून बोला आणि तपासायला घेऊन जा.

गेल्या रविवारी विहारात वंदना संपल्यावर कांताबाई उभ्या राहिल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कान पुढे केला. "बघून घ्या गं. चष्मा लावतो तसंच हे. यात लाज कसली?"

मग मागच्या ओळीतून एक बारीक आवाज आला, "कांताबाई, त्या मॅडम बसतात कुठे?"

कांताबाईंनी पत्ता सांगितला. त्यांना पुन्हा "काय?" विचारावं लागलं नाही.