मूळ प्रतीतली चूक

मित्रांनो, मी एक जुने जनुक आहे. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, म्हणून आपली गोष्ट सांगावी की नाही, या विचारातच बराच काळ गेला.

मेंदूतल्या प्रत्येक पेशीला पातळ आवरण असते. त्या आवरणात प्रथिनाचे एक दार बसते आणि त्यातून पेशीतला कचरा बाहेर जातो. ते दार घडवण्याची कृती माझ्यात लिहिलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या माझी नक्कल होत आली. कौतुक कुणी केले नाही. दार उघडते आहे तोवर त्याच्याकडे पाहतो कोण?

मी राहते एका निवृत्त मुद्रितशोधकाच्या पेशींत. छापखान्यात चाळीस वर्षे त्यांनी इतरांच्या चुका शोधल्या, आणि माझ्यातच एक अक्षर चुकलेले! दार घट्ट बसले, कचरा साचला, त्यांचे शब्द हरवू लागले. चष्म्याला ते ‘नाकावरची खिडकी’ म्हणू लागले.

त्यांची मुलगी प्रयोगशाळेत संशोधक होती. बाबा, काका आणि आत्या, तिघांचे रक्त तिने यंत्रावर तपासले, तेव्हा तिला तेच चुकीचे अक्षर दिसले.

“यंत्राची चूक आहे गं, नाद सोड,” तिचे सर म्हणाले. “शुक्रवारी नमुने फेकून देऊ.”

ती तोंड पाडून घरी आली.

“काय गं, तोंडावर शाई सांडली का कुणी?” बाबांनी विचारले. तिने सगळे सांगितले.

“एकदा चुकलं, तर छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचं चुकलं. तीनदा तेच चुकलं, तर... ते आपलं... ते पहिलं...”

ती थांबून राहिली. घाई केली नाही.

“मूळ प्रत!” बाबा टेबलावर थाप मारून ओरडले. “मूळ प्रतच तशी! यंत्राला कशाला बोल लावता?”

शुक्रवारच्या आत तिने दुसऱ्या यंत्रावर तपासले. तेच अक्षर! नमुने फेकले जाण्यापासून वाचले. मग काही महिन्यांनी तिने काचेच्या बशीत बाबांच्या पेशी वाढवल्या आणि माझे ते एक अक्षर दुरुस्त केले. दार उघडले! कचरा भराभर बाहेर पडला.

“अरे बापरे, आणि मी हे फेकायला निघालो होतो!” सर सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात.

औषधाला अजून वर्षे लागतील. पण कोणते दार ठोठावायचे, ते आता माणसांना कळले आहे.

मित्रांनो, घरातले कुणी शब्दासाठी अडले, तर त्यांच्यासाठी थोडे थांबा. तो शब्द कदाचित फार मोलाचा असेल.

मुलीने अहवाल घरी आणला, तेव्हा बाबांनी लाल पेन्सिल मागितली. माझ्या चुकीच्या अक्षराभोवती गोल केला, समासात बरोबर अक्षर लिहिले आणि खाली, छापखान्यातल्या सवयीप्रमाणे, लिहिले: ‘दुरुस्तीनंतर छापण्यास हरकत नाही.’