मो बाईंचं अस्सल इंग्रजी

परदेशी बाई आमच्या घरी राहायला येणार हे नक्की झालं, त्या दिवशी माझी बायको फंगज्युएन लिफ्ट चालू असूनही जिन्याने नवव्या मजल्यावर आली. वाटेत भेटेल त्याला सांगता यावं, एवढ्याचसाठी.

झालं होतं असं, की आमच्या मुलीच्या शाळेने स्कॉटलंडमधल्या एका शाळेशी शिक्षकांची अदलाबदल ठरवली होती. इकडचे एक सर तिकडे गेले, तिकडच्या एक बाई वर्षभरासाठी इकडे येणार होत्या. त्यांना एखाद्या चांगल्या कुटुंबात ठेवायचं होतं. अर्ज पुष्कळ आले. शेवटी आमच्यात आणि सहाव्या मजल्यावरच्या मियाओ वहिनींच्यात चुरस उरली. त्यांच्याकडे पियानो होता. आमच्याकडे चष्म्याच्या फ्रेमांचा कारखाना होता, पण तो काही दिवाणखान्यात ठेवता येत नाही. तेव्हा मुलाखतीत फंगज्युएनने सांगितलं, की आमच्या घरात सकाळी ब्रेड खातात. मी चमकून तिच्याकडे बघितलं, तर तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ब्रेडने पियानोला हरवलं.

मग घराची सजावट सुरू झाली. काटे-चमचे आले, कॉफीचं यंत्र आलं. बाल्कनीत वाळत टांगलेली वाम खाली उतरली, कारण परदेशी माणसाला तो वास सहन होत नाही असं बायकोने कुठेतरी वाचलं होतं. एक अडचण मात्र उतरवता येईना. ती म्हणजे माझी आई.

आईने उभा जन्म मासळी बाजारातल्या गाळ्यावर काढला. तिला फक्त आमची बोली येते, आणि आमची बोली डोंगरापलीकडच्या माणसालाही कळत नाही. शाळेत, कचेरीत, टीव्हीवर चालते ती मँडरिन, म्हणजे सरकारी चिनी. ती आई कधी शिकली नाही. मासे घेणारे सगळे इथलेच, मग शिकायची कोणासाठी?

"आई, बाईंसमोर शक्यतो बोलू नका," बायको म्हणाली. "नुसतं हसा."

"नुसतं हसायला मी काय वेडी आहे?" आई म्हणाली.

बाई आल्या. नाव मोराग. तांबडे केस, धिप्पाड बांधा, हसणं लिफ्टपर्यंत ऐकू जाईल असं. शाळेने त्यांचं चिनी नाव 'मो' ठेवलं आणि सगळे त्यांना मो बाई म्हणू लागले. पहिल्या सकाळी बायकोने त्यांच्यासमोर ब्रेड, लोणी आणि गार दूध मांडलं. बाईंनी ते मुकाट्याने खाल्लं आणि आई स्वयंपाकघरात वाटीतून काय भुरकतेय ते मान वळवून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या सरळ उठून आत गेल्या आणि आईच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी भाताची पेज आणि खारवलेला खेकडा हाणला. त्यांचा बाप कुठल्याशा बेटावर मासेमारी करायचा, हे मला फोनवरच्या भाषांतरातून नंतर कळलं. आईला ते कोणी सांगावं लागलं नाही. बाईंनी खेकड्याची नांगी कशी फोडली हे बघूनच तिला कळलं.

बाईंना घरी आणण्यामागे हेतू असा, की आमच्या जिंगयीचं इंग्रजी सुधारावं. पण जिंगयी नववीत. सकाळी उजाडायच्या आत जायची, संध्याकाळी शाळेतल्या अभ्यासिकेत बसायची, तिथून शिकवणीला. ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप, तिला बाईंशी बोलायला मिळायची रविवारच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटं. त्यातही ती टेबलावर डोकं टेकून झोपायची.

बाई दुपारी तीनला घरी येत. बायको दुकानात, मी कारखान्यात. घरात फक्त आई. शाळेतले बाकीचे शिक्षक बाईंशी हौसेने इंग्रजीच बोलत, त्यामुळे त्यांच्या चिनीची सगळी जबाबदारी आईवर येऊन पडली. बाईंकडे चिनी शिकायचं एक जाडजूड पुस्तक होतं. पुस्तक एक म्हणे, आई दुसरंच म्हणे. बाईंनी पुस्तकावर बोट ठेवलं की आई ते बोट उचलून बाजूला करायची. थोड्या दिवसांनी ते पुस्तक गरम पातेल्याखाली ठेवलेलं मला दिसलं.

मग दोघी रोज मासळी बाजारात जाऊ लागल्या.

काय चाललंय ते बायकोला कळलं मियाओ वहिनी चहाला आल्या तेव्हा. वहिनी हरल्या होत्या, पण रिकाम्या हाताने येणाऱ्यातल्या नव्हत्या. सोनेरी खोक्यातून एक भलामोठा पिवळा मासा घेऊन आल्या. बायको म्हणाली, "मो बाई आता चिनी बोलतात हं! बाई, बोला ना काहीतरी."

बाईंनी खोकं उघडलं, माशाचा कल्ला अंगठ्याने वर केला आणि आमच्या बोलीत, आईच्याच ठसक्यात म्हणाल्या, "कल्ले बघ, कल्ले! पांढरेफटक पडलेत. कोणाला फसवतेस, मेले?"

मियाओ वहिनींचा चहा कपातच राहिला. त्या गेल्यावर बायको स्वयंपाकघरात घुसली.

"आई, तुम्ही बाईंना काय शिकवलंत?"

"मासा ओळखायला," आई म्हणाली. "शिळाच होता तो."

"अगं, त्यांना वाटतंय आपण चिनी शिकतोय," मी बायकोला म्हणालो. "सांगून टाक ना."

"मी सांगू? म्हणजे आपल्या घरी राहून भलतंच शिकल्या, अशी शाळेत बोंब व्हायला! ती मियाओ टपूनच बसलीय." तेव्हा कोणीच काही सांगायचं नाही असं ठरलं. उलट मुख्याध्यापक छाई भेटले तेव्हा बायकोनेच त्यांना ऐकवलं, "बाई आमच्याकडे फाडफाड चिनी बोलतात."

ते अंगाशी आलं. वसंतात वरून अधिकारी आले, शिक्षक-देवाणघेवाणीचं फलित तपासायला. रेन साहेब उत्तरेकडचे, काठीसारखे उंच आणि वाळलेले. सभागृहात पालकांनाही बोलावलं होतं. भिंतीवर मोठी पाटी होती: 'मँडरिन बोला, सभ्य व्हा.' कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं, 'विदेशी शिक्षिकेचे मनोगत'. कुठल्या भाषेत ते छापलं नव्हतं, कारण ते विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. आई पहिल्या रांगेत नवीन जाकीट घालून बसली होती.

मो बाईंनी माईक हातात घेतला आणि बाजारात गाळा लावल्यासारख्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"पोरांनो! इथे मासळी बाजारापेक्षा जास्त गर्दी आहे, पण वास कमी आहे. तुम्ही सगळे कसे ताजे दिसता! डोळे चमकतायत, कल्ले लाल! मी आले तेव्हा नुसती सुकट होते. आमच्या म्हातारीने चारून चारून मला गाभोळीला आलेल्या मासोळीसारखी केली. आणि हे वरून आलेले साहेब! अरे मेल्या, किती वाळलास! घरी कोणी खायला घालत नाही का? ये आमच्याकडे, डोकं आणि शेपूट फुकट देईन!"

पालकांच्या रांगांतून कोणीतरी खोकलं, मग सगळेच खोकू लागले. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. पोरांपैकी निम्म्यांना काही कळलंच नाही, कारण त्यांच्या आयांनीही बोलीला घराबाहेर काढलं होतं. रेन साहेब मात्र मान डोलावत होते. भाषण संपताच सगळ्यांत आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या आणि ते माईकवर आले.

"काय हे इंग्रजी! अस्सल लंडनचे उच्चार. मला स्वतःला सत्तर-ऐंशी टक्के समजलं. पण पालकांसाठी कोणीतरी भाषांतर करा."

इंग्रजी विभागाचे वू सर उठले. त्यांनी छाईंकडे बघितलं. छाई छताकडे बघत होते. वू सरांनी घाम पुसला आणि मँडरिनमध्ये सुरू केलं.

"बाई म्हणतात की, शाळेचं सभागृह प्रशस्त असून स्वच्छता समाधानकारक आहे. विद्यार्थ्यांचं आरोग्य, विशेषतः दृष्टी, उत्तम आहे. यजमान कुटुंबाने पोषणाच्या बाबतीत बजावलेल्या कामगिरीबद्दल त्या ऋणी आहेत. आणि... आणि आदरणीय साहेब लोकसेवेत इतके बुडालेत की त्यांना दोन घास खायचंही भान राहत नाही, हे पाहून त्यांना वाईट वाटतं."

रेन साहेबांचे डोळे पाणावले. "हे त्यांनी नुसतं बघून ओळखलं?"

"खोटं काय त्यात?" साहेबांना मो बाईंचं बोलणं लागलं असं समजून पहिल्या रांगेतून आई आमच्या बोलीत कडाडली. "काटाच राहिलाय मेल्याचा!"

साहेबांनी वळून विचारलं, "ह्या आजीबाई काय म्हणाल्या?"

फंगज्युएन ताडकन उभी राहिली. "माझ्या सासूबाई, साहेब. बाईंच्या सहवासात त्यांनाही इंग्रजी येऊ लागलंय."

"ह्या वयात!" साहेब मंचावरून खाली उतरले आणि त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. फोटो निघाले. बाईंचं भाषण रेकॉर्ड करून रोज सकाळी शाळेत ऐकवावं आणि एक प्रत उत्तरेतल्या शाळांनाही पाठवावी, असा हुकूम जागच्या जागी सुटला. जी बोली तोंडातून निघाली की पोरांना वर्गाबाहेर उभं करत, ती दुसऱ्या दिवसापासून व्यायामाच्या आधी कर्ण्यावरून गर्जू लागली. बायकोला तर आता मियाओ वहिनी लिफ्टमध्ये स्वतःहून बाजूला सरकून जागा देऊ लागल्या.

साहेबांनी भाषणाला इंग्रजी म्हटल्याचं मो बाईंच्या कानावर आलं, आणि ते 'इंग्रजी' काही त्यांना पचेना. त्यांनी वू सरांना गाठलं, आणि सरांनी खरं काय ते सांगितलं. त्या दिवशी बाई घरी येऊन जेवल्या नाहीत. बाल्कनीत जाऊन बसल्या. आई त्यांच्यामागे गेली, आणि आईमागे मी.

"म्हातारे," बाई आमच्या बोलीत म्हणाल्या, "तू शिकवलंस ते चिनी नव्हतं?"

"मग मी काय जपानी आहे?" आई म्हणाली.

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या रडू लागल्या. म्हणाल्या, "आमच्या बेटावर माझ्या आजीची बोलीही वेगळीच होती. शाळेत बोललं की तिला मार बसायचा, म्हणून तिने माझ्या बापाला शिकवली नाही. मग मला कोण शिकवणार? शेवटी शेवटी ती काय सांगायची ते मला कळायचंच नाही." आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि बाईंना आत नेऊन सुक्या वामीचं कालवण वाढलं. बाईंनी ते संपवलं.

त्या रविवारी जेवण झाल्यावर जिंगयी नेहमीप्रमाणे टेबलावर डोकं टेकणार, एवढ्यात आई मो बाईंना म्हणाली, "हिला विचार गं, मी रोज संध्याकाळच्या डब्यात माशाचे गोळे घालते, ते आवडतात का हिला?"

आमच्या पोरीला बोली येत नाही. लहानपणापासून बायकोने तिच्याशी मँडरिनच बोलायचं ठरवलं होतं. आजी-नातीचं बोलणं म्हणजे 'खा', 'झोप' आणि 'स्वेटर घाल'. बाईंनी आईचा प्रश्न इंग्रजीतून विचारला. जिंगयीने मान वर केली. मग थांबत, चाचरत इंग्रजीत उत्तर दिलं.

बाई आईला म्हणाल्या, "नाही आवडत, म्हणते. पाचवीपासून नाही आवडत. रोज मैत्रिणीला देते."

"जिंगयी!" बायको ओरडली.

आई म्हणाली, "मैत्रिणीला आवडतात का, विचार."

"खूप."

"मग तिच्यासाठी घालीन. हिला काय हवंय?"

टोमॅटो-अंड्याच्या शेवया हव्या होत्या. मग जिंगयीने स्वतःहून एक प्रश्न विचारला. आजीने बाजारात कधी मारामारी केलीय का? बाईंनी तो आईला सांगितला. आईने खुर्ची पुढे ओढली आणि बाह्या सरसावल्या.

पंधरा मिनिटं कधीच उलटून गेली होती. बायकोने घड्याळाकडे बघितलं, पण पोरीला अभ्यासाला उठवलं नाही. ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "ऐकलंस? किती वाक्यं बोलली ही इंग्रजीत!"

एका दलालाच्या टाळक्यावर आपण बर्फाची टोपली कशी उपडी केली ते आई सांगत होती. ऐकता ऐकता मो बाईंना इतकं हसू लोटलं, की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. जिंगयी त्यांचा दंड धरून गदागदा हलवत होती, पुढे काय झालं ते विचारत होती. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ करून मँडरिनमध्ये सांगायला तोंड उघडलं.

"तू गप्प बस," बायको म्हणाली. "इंग्रजीतच होऊ दे."