चोविसावी गाय

सरकारने भागातली सगळी गुरं मारायचं ठरवलं, तेव्हा मा-चेनोलोच्या कळपाला काहीच झालेलं नव्हतं. लाळ-खुरकूत सापडली ती दोन कोसांवरच्या गोठ्यात. पण युरोपशी झालेल्या करारात आजारी आणि धडधाकट असा फरकच नव्हता. रोग अडवायला सरकारने घातलेल्या कुंपणाची ही बाजू आणि ती बाजू, एवढाच होता. या बाजूला एक जनावर उरलं तरी साऱ्या बोत्स्वानाचं मांस बंदरातून परत येईल, असं गावसभेत समजावून सांगण्यात आलं. म्हातारा मोआत्ल्होदी म्हणाला, आपल्याला त्यांनी कधी जेवायला बोलावलं नाही, आणि त्यांच्या ताटासाठी जीव मात्र आपल्या गुरांनी द्यायचा. लोक हसले. मग उठून घरी गेले.

मा-चेनोलोने पहाटे फात्श्वानाला, कळपाच्या पुढारी, काळ्या-पांढऱ्या गायीला, कोरड्या नदीपलीकडच्या झाडीत नेऊन सोडलं. बांधलं नाही, बांधलेली गाय हंबरते. बाकीची तेवीस नवऱ्याच्या माघारी तिच्याकडे आलेली. ही बापाने लग्नात दिलेल्या गायीची नात, तिची स्वतःची.

पशुवैद्यक खात्याकडून केबोनांग आला, तिच्या बहिणीचा मुलगा. त्याने गुरं मोजली, वही बघितली, पुन्हा मोजली.

"मावशी, चोवीस पाहिजेत."

"एक सिंहाने नेली."

"कधी?"

"तू लिहिशील तेव्हा."

तिच्याकडे न बघता त्याने लिहिलं. फात्श्वानाच्या आईच्या दुधावर तोही वाढला होता.

पण गुरं वाड्यात शिरेनात. अनोळखी माणसं, ट्रक, बंदुकांचा वास. फाटकापाशी येत आणि उधळत. माणसं काठ्या घेऊन धावली तसा केबोनांग म्हणाला, "तूच हाक मार, मावशी. निदान हाल नको व्हायला."

ती फाटकात उभी राहिली. तीन शिट्ट्या, मग पुढारी गायीचं नाव, मग बाकीच्यांची. अकरा वर्षं रोज संध्याकाळी हेच. नाव तोंडातून गेलं आणि मग तिला ऐकू आलं.

गुरं थांबली. नदीकडून, काही घाई नसल्यासारखी, फात्श्वाना आली आणि सगळ्यांच्या पुढून आत गेली. तिच्या मागे तेवीस.

केबोनांगने सिंहाची ओळ खोडली. खोडताना पट्टी लावली.

"मावशी, मी..."

"फात्श्वानाच्या कासेत दूध आहे. तेवढं काढू दे."

माणसं ट्रकला टेकून थांबली. दूध ठेवायचं नाही असा हुकूम होता. ती धार काढत होती तोवर केबोनांग ट्रकचं चाक तपासत राहिला. तिने दूध कातडी पिशवीत ओतलं, तोंड आवळलं आणि पिशवी झोपडीत टांगली. मग आवाज सुरू झाले. ती ज्वारी निवडत बसली.

चौथ्या दिवशी केबोनांग मारलेल्या गुरांच्या यादीवर सहीसाठी आला. तिने सही केली. दूध छान आंबलं होतं. ते लापशीवर घालून त्याच्यापुढे ठेवलं. तो मान खाली घालून जेवला.

"अजून घालू?"

"घाल."

पिशवी रिकामी झाली. ती धुऊन, नेहमीसारखी उलटी करून, तिने वाळत टाकली.