पाटीवरच्या पत्त्यावर आलेला मेल

संध्याकाळी नवरी येणार होती, आपल्या लग्नाची फिल्म बघायला. सूनबाईला फक्त शेवटचा तुकडा जोडायचा होता. सकाळपासून ती स्टुडिओत कॉम्प्युटरला चिकटून होती. सगळं शूटिंग ऑनलाइन खात्यात. कॅमेऱ्याची कार्डं कधीच पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती. म्हणजे खातं गेलं की लग्नच गेलं.

नेमका तेव्हाच तिचा फोटोग्राफर नवरा खुर्ची सरकवत जवळ आला. खातं बंद होणार होतं म्हणे. त्या एवढ्या मोठ्या कंपनीचा मेल आला होता, लोगोबिगो सगळं जिथल्या तिथे. पण पठ्ठ्याने वेळीच लिंक उघडून माहिती भरून टाकली होती. ईमेल, पासवर्ड, आईचा फोन नंबर. आता शाबासकीची वाट बघत उभा.

"मेल कुठल्या पत्त्यावर आला?"

"दुकानाच्या. पाटीवर लिहिलाय तोच."

सूनबाईने माऊस सोडला. खातं उघडलं तेव्हा दुकानाला ईमेलच नव्हता. घाईघाईत सासूबाईंच्या ईमेलवर, सासूबाईंच्या नंबरवर उघडलं आणि बदलायचा कंटाळा केला, तो आजतागायत. पाटीवरचा पत्ता कंपनीला कुणी दिलाच नव्हता.

"अरे, कंपनीला हा पत्ता माहीतच नाही. कुणीतरी पाटी वाचून गळ टाकलाय."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण त्याला झापायलाही वेळ नव्हता. पासवर्ड चोराच्या हातात होता. आत घुसायला आता एकच गोष्ट उरली होती, कंपनी सासूबाईंच्या फोनवर पाठवते तो कोड. तिने फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी!

घर वरच्याच मजल्यावर. सूनबाई अनवाणीच सुटली, दोन-दोन पायऱ्या गाळत.

सासूबाई सोफ्यावर ऐसपैस बसून गप्पा मारत होत्या. सुनेला बघताच फोनवर हात ठेवून कौतुकाने म्हणाल्या, कंपनीतला मुलगा आहे, फार गोड बोलतो, कुठलातरी आकडा मागतोय.

"आई, दिलात?"

"फोनवर कशी देईन? आपली पद्धत आहे का तशी? म्हटलं, जिन्याखाली ये, वरून ओरडून सांगते. तर येतच नाही."

खरंच की! आजवर प्रत्येक कोड सासूबाईंनी जिन्यातूनच ओरडून सांगितला होता. खाली सूनबाई टाइप करायची आणि शेजारपाजारचे हसायचे. सूनबाईने त्यांना बोलत राहा अशी खूण केली आणि स्वतःच्या मोबाईलवर खातं उघडलं. मेलमधल्या लिंकवरून नाही, नेहमीच्या ॲपमधून. पासवर्ड बदलला. बाकी सगळ्या ठिकाणी खातं लॉग-आउट केलं. इकडे सासूबाई चोराला गुडघ्यांचं दुखणं सविस्तर सांगत होत्या. तोही बिचारा ऐकत होता, आकड्याच्या आशेने.

शूटिंग उघडलं. वरात, हार, रुसलेला मामा, सगळं जागच्या जागी. तिने सुस्कारा सोडला आणि सासूबाईंना गच्च मिठी मारली.

"अगं, फोन कट केला त्याने," सासूबाई हिरमुसल्या. "अजून कंबर राहिली होती."

नवरी आली तेव्हा शेवटचा तुकडा नुकताच लागला होता. सूनबाईने तिला शेजारी बसवलं आणि फिल्म सुरू केली. पडद्यावर नवरीचे बाबा ताल चुकवत नाचायला लागले. ती हसत सुटली, मग म्हणाली, "हे परत दाखव ना."